दाराबाहेरची रास्मिनी

आमच्या गावात रास्मिनीला भेटायचं म्हटलं की लोक तिच्या घराकडे बोट दाखवत नाहीत, माझ्या बाकाकडे दाखवतात. माझी खानावळ देवळाच्या दारासमोर आहे. भात, लावार म्हणजे खोबरं घातलेला खिमा, आणि कॉफी, एवढंच मिळतं. बाहेर एक लाकडी बाक आहे आणि त्याच्यावरून देवळाचं दोन फाकांचं दार आणि आतलं अर्धं अंगण दिसतं. बाकीचं अर्धं अंगण दिसत नाही, आणि नैवेद्याचं सगळं काम नेमकं त्याच अर्ध्यात चालतं. महिन्यातले निम्मे दिवस रास्मिनी त्या बाकावर बसून न दिसणाऱ्या अर्ध्या अंगणाकडे बघत असते.

बाई बाहेरची असली की देवळात जायचं नाही, घरच्या देव्हाऱ्याकडे फिरकायचं नाही, नैवेद्यासाठी विणायच्या झावळीला हात लावायचा नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरीलाही माहीत असतं. त्याचं कुणाला दुःख नसतं. खरं सांगायचं तर माझी पाळी चालू होती तोवर मला ती सुट्टी आवडायची. बाकीच्या बायका पहाटेपासून पानं कापून बोटं सोलून घ्यायच्या आणि मी पाय पसरून बसायचे. पण चार दिवसांची सुट्टी वेगळी आणि अर्ध्या आयुष्याची वेगळी.

आणि ती भोगायची कुणी, तर रास्मिनीने. तांदळाच्या पिठाची रंगीत फुलं, देव, पक्षी, सूर्य करण्यात तिचा हात धरणारी या डोंगरात दुसरी नाही. एकदा तिने केलेल्या पिठाच्या सूर्याचं तोंड आमच्या देवळाच्या मंकूसारखं झालं होतं. तेच फुगलेले गाल, तीच झोपाळू नजर. मंकू म्हणजे पुजारी, त्याला हाक मारायची ती जेरो म्हणून. तो स्वतः बराच वेळ त्या सूर्याकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "हा कुणासारखा तरी दिसतोय." बायका पदरात तोंड खुपसून हसत होत्या.

या हातांमुळेच तिचं लग्न झालं. तिची सासू मेमे रनिंग, मेमे म्हणजे आई, आमच्या गावची सराती. सराती म्हणजे देवाच्या नैवेद्याची मुख्य बाई. कुठल्या पूजेला काय, किती आणि कुठल्या दिशेला ठेवायचं, ते तिला तोंडपाठ असतं. तिने दीक्षा घेतलेली असते, आणि तिच्या हाताशिवाय उत्सव उभा राहत नाही. मेमे रनिंगला मूल एकच, सुआर्दिका. डुकरं पाळतो, स्वभावाने गरीब, आईचा शब्द म्हणजे त्याच्यासाठी देवाचा. त्याच्यासाठी मुली बघायची वेळ आली तेव्हा म्हातारी शेजारच्या गावच्या उत्सवात जाऊन कोपऱ्यात बसली आणि दिवसभर मुलींचे हात बघत राहिली. संध्याकाळी येऊन मला म्हणाली, "सापडली. तोंड बघायचं राहिलं, पण ते सुआर्दिका बघेल."

म्हणजे रास्मिनी सून म्हणून आली आणि वारस म्हणूनही आली. मेमेचे हात थरथरायला लागले होते. सुनेला शिकवायचं, तिची दीक्षा करायची आणि मग डोळे मिटायचे, असा तिचा बेत. रास्मिनीलाही दुसरं काही नको होतं. ती मला म्हणायची, "म्बोक, झावळी हातात आली की माझं डोकं शांत होतं." मी तिच्या आईच्या वयाची, पण ती मला म्बोक म्हणजे थोरली बहीणच म्हणते. मी दुरुस्त करत नाही. फुकट मिळालेलं तारुण्य कोण परत देतं.

मग ती गरोदर राहिली आणि दिवस भरले नेमके आमच्या पंचांगातल्या वायांगच्या आठवड्यात.

त्या आठवड्यात जन्मलेल्या लेकराच्या मागे काळ लागतो, असं आम्ही मानतो. त्याची शांत करावी लागते, तरी घरच्यांच्या मनातली भीती जन्मभर जात नाही. त्यातही शेवटचा शनिवार सगळ्यांत वाईट. रास्मिनीला कळा सुरू झाल्या त्या शुक्रवारी. तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. शनिवारी दुपारी तिथला डॉक्टर म्हणाला, बाळाचं डोकं अडलंय, सिझर करू, सही द्या. सुआर्दिकाने आईकडे बघितलं. मेमे म्हणाली, "उद्या सूर्य उगवू दे." आमच्याकडे दिवस सूर्याबरोबर बदलतो. डॉक्टर दोनदा येऊन सांगून गेला. नर्सा ओरडल्या. बाळाचे ठोके चांगले होते, तेवढ्या आधारावर सगळे थांबले. रास्मिनी दाताखाली सारोंगचं टोक धरून पडली होती, आणि तिला कुणी काही विचारलं नाही. रविवारी उन्हं आली तेव्हा सही झाली आणि मुलगी झाली. विद्यांती. चांगल्या दिवसाची, गुटगुटीत. मेमे गावभर सांगत फिरली की मी काळाच्या तोंडातून नात ओढून आणली. आम्हीही माना डोलावल्या, कारण आम्हीही तेच केलं असतं.

पुढे पोर चालायला लागली, रास्मिनीची पाळी पुन्हा सुरू झाली, आणि काहीतरी बिघडलंय हे लक्षात यायला लागलं. नेहमीसारखे चार-पाच दिवस व्हायचे. मग थांबायचं कुठलं, तपकिरी डाग लागत राहायचा. थेंबभर, कधी नुसती रेघ. आठ दिवस, कधी त्याहून जास्त. दुखणं नव्हतं, ताप नव्हता. दुसऱ्या गावात, दुसऱ्या धर्मात एखाद्या बाईने त्याकडे लक्षही दिलं नसतं. पण आमच्याकडे थेंब म्हणजे थेंब.

आधी लोक हळहळले. मग कुजबुजले. माझ्याच खानावळीत भात खाताना एकीने विषय काढला, "एवढं रक्त एका बाईत असतं का? कुणीतरी करणी केलीय." दुसरी म्हणाली, "किंवा तिनेच काही केलंय." मी म्हटलं, "भात संपला असेल तर ताटली धुवायला दे." मला राग येतो तेव्हा मी ताटल्या मागते, हे आता गावाला माहीत आहे.

मेमेने तिला सात झऱ्यांच्या पाण्याने न्हाऊ घातलं. वैदूकडून पाला आणून पाजला. काळ्या कोंबडीचं काहीतरी झालं, ते मला नीट सांगितलं नाही. थेंब आपला चालूच. दीक्षेचा मुहूर्त ठरायचा आणि त्या सकाळी रास्मिनी दारातच थांबून मान हलवायची. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा मुहूर्त काढायचाच मेमेने टाळला.

एके दुपारी रास्मिनी बाकावर बसली होती. समोर रस्त्याकडेला कुणीतरी झुंजीचा कोंबडा बांबूच्या टोपलीखाली ठेवला होता. माणसांची सवय व्हावी म्हणून ठेवतात तसा. ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "याचं बरं आहे. त्याला निदान माहीत आहे की झुंजीच्या दिवशी टोपली उचलतात."

मी कॉफी दिली.

शेवटी ती एकटीच तालुक्याच्या एका डॉक्टरकडे गेली. त्याने गोळ्या दिल्या. रोज एक. आणि काय सांगू, थेंब थांबला. पहिल्या महिन्यात तिने विश्वासच ठेवला नाही, दुसऱ्या महिन्यात ती देवळात शिरली ती संध्याकाळीच बाहेर आली. हातभर लांबीचं पिठाचं मोराचं पीस केलं होतं. मेमे झऱ्याच्या पाण्याला हात जोडत होती. माझ्याकडे कॉफी पिऊन रास्मिनी हसायची तेव्हा मला वाटायचं, चला, सुटली.

मग मेमेला गोळ्यांचं पाकीट सापडलं. ती ते घेऊन माझ्याकडेच आली, कारण तिला वाचता येत नाही. मला येतं. त्या दिवशी येत नसतं तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "मूल होऊ नये म्हणून खातात त्या." मेमे तशीच वळली. घरी गेली आणि पाकीट गटारात टाकलं. घरात मुलगा नाही, देव्हाऱ्याला पुढचा वारस नाही, आणि सून गोळ्या खाते. तिच्या मते चोर घरातच निघाला होता.

"मेमे, त्या खाल्ल्या तरच मी कोरडी राहते," रास्मिनी म्हणाली.

"आणि नाही खाल्ल्या तरच मला नातू होईल."

"मग मी करू काय?"

"नातू दे. मग पाहिजे तेवढ्या गोळ्या खा."

इकडे आड, तिकडे विहीर. गोळी खावी तर घर ओस, सोडावी तर देऊळ बंद. थेंब परत आला आणि रास्मिनी परत माझ्या बाकावर आली. वर्ष गेलं, दिवसही राहिले नाहीत. म्हणजे गोळी सोडून हाती लागलं काय, तर फक्त डाग. तेव्हा कुठे सुआर्दिकाने कुणाची तरी गाडी मागून आणली आणि आम्ही देनपसार शहरातल्या मोठ्या डॉक्टरिणीकडे गेलो. मला नेलं, कारण मेमेला गाडी लागते आणि तिच्यापुढे पिशवी धरायला कुणीतरी हवं होतं. जाताना तिने मला भरपूर काम दिलं.

डॉक्टरीण आमच्यातलीच, आमच्याच बोलीत बोलणारी. तिने सोनोग्राफी केली, मग कागदावर चित्र काढलं. उलट्या नासपतीसारखं गर्भाशय आणि खाली भिंतीत एक खळगा.

"मूल काढायला इथे काप दिला," ती म्हणाली. "मग भिंत शिवली. कुणी एका पदरात शिवतं, कुणी आतला पदर आधी आणि त्याच्यावर दुसरा. टाका फार आवळला तर कडांना रक्त पोहोचत नाही. कडा नीट जुळल्या नाहीत की आतून असा खळगा राहतो. पाळीचं रक्त त्यात साठतं आणि मग सावकाश झिरपत राहतं. दिवस राहत नाहीत, त्यालाही हेच कारण असू शकतं."

मेमे चित्राकडे वाकून बघत होती. "आम्ही झावळीला बांबूची काडी टोचतो," ती म्हणाली, "ती फार ओढून टोचली की पान तिथेच तपकिरी पडतं."

"साधारण तसंच, मेमे."

"म्हणजे करणी नाही?"

"करणी नाही. न भरलेली जखम आहे."

सुआर्दिकाचा चेहरा एकदम उजळला. इतक्या वर्षांनी त्याला शिव्या द्यायला माणूस सापडला होता. "म्हणजे त्या डॉक्टरने धड शिवलं नाही," तो म्हणाला.

डॉक्टरिणीने मान हलवली. "मी तिथे नव्हते. कसं शिवलं ते तुमच्या कागदांत नाही. एक पदर की दोन, यावर आम्हा डॉक्टरांचंच अजून एकमत नाही. दोन पदरांनी भिंत थोडी जाड राहते असं दिसतं, पण दोन पदर शिवलेल्या बायकांनाही खळगा पडतो. यात मला दुसरंच दिसतंय. हा काप फार खाली आहे, पार तोंडाजवळ. कळा खूप वेळ चालल्या आणि डोकं खाली उतरलं, की तो भाग ताणून पातळ होतो. काप कुठे पडतोय ते शिवणाऱ्यालाही नीट कळत नाही. तिथली जखम लवकर भरत नाही. सिझर करायचं म्हटल्यावर तुम्ही किती थांबलात?"

सुआर्दिकाने आईकडे बघितलं. मेमे चित्राकडेच बघत राहिली. मी पिशवी घट्ट धरून बसले.

उत्तर रास्मिनीने दिलं. "शनिवारी दुपारी सांगितलं होतं. रविवारी सूर्य उगवल्यावर केलं."

"कुठला शनिवार?"

"वायांगचा."

डॉक्टरिणीने पेन खाली ठेवलं. "माझ्या आईनेही थांबवलं असतं," ती म्हणाली. तिने रागावून बोलायला हवं होतं. म्हातारीला ते सोपं गेलं असतं.

मग तिने पुढचं सांगितलं. भिंत आता इतकी पातळ आहे की अशीच गरोदर राहिली तर व्रण फाटू शकतो, आई आणि मूल दोघांच्याही जिवावर बेतू शकतं. पोटातून दुर्बीण घालून जुना व्रण काढता येईल आणि भिंत परत शिवता येईल, या वेळी दोन पदरांत. नंतर वर्षभर तरी दिवस राहू द्यायचे नाहीत. थेंब थांबेल याची हमी नाही, बहुतेकींचा थांबतो किंवा कमी होतो. "ठरवा आणि फोन करा," ती म्हणाली.

"मेमे म्हणेल तसं," सुआर्दिका म्हणाला.

येताना मेमेला गाडी लागली नाही. पूर्ण रस्ताभर ती खिडकीतून बाहेर बघत होती. घरी पोहोचल्यावर काही म्हणाली नाही, दुसऱ्या दिवशी नाही, त्या महिन्यातही नाही. रास्मिनी वाट बघत राहिली. सुआर्दिका डुकरांना खायला घालत राहिला. मला मायलेकांचा राग येत होता. एक तोंड उघडेना आणि दुसऱ्याला तोंड असल्याचंच आठवेना. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी त्या पोरीची गत.

मग देवळाचा मोठा उत्सव आला. मंकूने स्वतः येऊन सांगितलं की या वेळी रास्मिनीची दीक्षा करून टाकू, मेमेच्याने आता सुरीही नीट धरवत नाही. नाहीतर सरातीचं काम बाजारच्या तयार नैवेद्यवाल्यांकडे जाईल. मुहूर्त निघाला. रास्मिनीच्या हिशेबाने तोवर ती कोरडी होणार होती. आदल्या दिवशी ती होतीही.

सकाळी ती पांढऱ्या कपड्यांत आली. केसांत फूल, कमरेला पिवळा पट्टा, बाजूला नटलेली विद्यांती. दारापाशी आली आणि थांबली. मी भात वाढत होते, माझा हात तिथेच राहिला. तिने विद्यांतीला माझ्याकडे पाठवलं आणि मंकूला बाहेर बोलावलं.

"जेरो, रेघभर डाग लागलाय."

मंकूने डोळे मिटले. कुणाला कळलं नसतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यालाही माहीत होतं.

"पण ही पाळी नाही," रास्मिनी म्हणाली. तिचा आवाज चढला होता, आणि तिचा चढलेला आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. "डॉक्टरिणीने चित्र काढून दाखवलंय. पाळी केव्हाच संपली. ही जखम आहे, जेरो. सिझरची. न भरलेली जखम. माझ्यात विटाळ नाही."

आत पानं कापणाऱ्या बायकांचे हात थांबले. मंकू वाईट माणूस नाही. "जखमेचं रक्तही आत येत नाही, पोरी," तो म्हणाला. "माझा अंगठा ठेचला होता तेव्हा मीही म्बोकच्या बाकावर बसलो होतो. तुला माहीत आहे."

तिला माहीत होतं. आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. सगळ्या वाटा फिरून ती त्याच दारात उभी होती. ती वळली, बाकावर येऊन बसली आणि केसांतलं फूल काढून हातात धरलं.

मग मेमे रनिंग बाहेर आली. हातात पान कापायची सुरी तशीच. पायऱ्या एकेक करून उतरली, दार ओलांडलं, रस्ता ओलांडला आणि माझ्या बाकापाशी उभी राहिली. मला वाटलं सुनेला काही बोलणार. तिने डावा हात पुढे केला आणि बोटाच्या टोकावर सुरी फिरवली, कांदा चिरावा तशी. या वेळी हात थरथरला नाही. रक्त आलं. तिने ते बोट मंकूला लांबूनच दाखवलं.

"मलाही जखम झाली, जेरो. बाजारचा नैवेद्य मागवा." आणि ती सुनेशेजारी बसली.

आत नुसता गोंधळ झाला. कुणी फोन करायला धावलं, कुणी तोंडावर हात ठेवला. मी फडकं फाडून म्हातारीचं बोट बांधलं. मला रडू येत होतं आणि तिच्या हट्टाचा रागही येत होता. सुआर्दिका उत्सवाला आणलेल्या डुकराची टोपली टाकून धावत आला.

रास्मिनी सासूच्या बोटाकडे बघत होती. मला वाटलं, आता ती तिच्या गळ्यात पडेल. ती पडली नाही.

"मेमे, तुमचं बोट दोन दिवसांत भरेल," ती म्हणाली. "माझं काय?"

मेमेने मान खाली घातली. फडक्यातून रक्त वर आलं होतं. ते ती दुसऱ्या हाताने दाबत राहिली, उगाचच, खूप वेळ. मग म्हणाली, "त्या शनिवारी मी तुला विचारलं नाही."

"नाही विचारलंत."

"सुआर्दिका," म्हातारी म्हणाली, "देनपसारला फोन लाव."

सुआर्दिकाने फोन काढला. नंबर शोधला. मग नेहमीसारखा आईच्या तोंडाकडे बघत उभा राहिला, काय सांगायचं ते ती सांगेल म्हणून. मेमेने तोंड फिरवलं आणि रस्त्याकडे बघायला लागली.

"तिकडे काय बघतोस," रास्मिनी म्हणाली. "पोट माझं आहे. मला विचार."

रस्त्यावर वाजंत्री येत होती, देवळात घंटा सुरू झाली होती. त्या आवाजात सुआर्दिकाला दोनदा खाकरावं लागलं. मग लग्नानंतर पहिल्यांदाच त्याने बायकोला विचारलं.